एकोणचाळीस मिनिटं : एका प्रेमकथेच्या शूटिंगच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

गोष्ट पक्की झाली. गिरगावातल्या चाळीची तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी. १९४९ सालची मालती पालिकेच्या शाळेत शिकवते. आजचा निनाद त्याच खोलीत भाड्याने राहतो. रोज संध्याकाळी एकोणचाळीस मिनिटं दोघं एकमेकांना दिसतात, बोलतात, आणि मग समोर फक्त गॅलरी उरते. वीसेक मिनिटांची फिल्म, पैसे आमचेच, बहुतेक मंडळी मित्र. काळ ओलांडणारी प्रेमकथा कमी पैशांत करणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवते आहे.

एकोणचाळीसच का, ते एकदाच लिहून ठेवते. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला लागू झाली. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरलेली. मुंबई त्याच्या पश्चिमेला जवळपास पावणेदहा अंश, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे मुंबईची स्वतःची वेळ एकोणचाळीस मिनिटं मागे. रेल्वेने नवी वेळ घेतली, मुंबई महापालिकेने घेतली नाही. स्वातंत्र्यानंतरही पालिकेची घड्याळं ‘बॉम्बे टाइम’ दाखवत होती. एका शहरात दोन वेळा, त्याही चाळीसहून जास्त वर्षं. फँटसीला लागणारी फट या शहरात आधीपासून होती, म्हणून जादूची अंगठी, आरसा, विहीर असलं काही शोधत बसले नाही.

१९ नोव्हेंबर

पहिला खर्डा १९४४ चा होता. गोदीतल्या स्फोटाचं वर्ष, एप्रिलची १४ तारीख, प्रियकर गोदीत कामाला. तो खर्डा बाजूला ठेवला. युद्धकाळात, १९४२ ते १९४५, प्रमाणवेळच तासभर पुढे ढकललेली होती. त्या वर्षांत नायिकेच्या भिंतीवरचं घड्याळ आजच्या मोबाइलशी ताडून बघायला गेलं की हिशेब कोलमडतो, आणि सगळी गोष्ट त्या हिशेबावरच उभी. शिवाय स्फोट एवढा मोठा की दोघांचं बोलणं त्याच्या आवाजाखाली चिरडून गेलं असतं. पाच वर्षं पुढे सरकून १९४९ घेतलं. दोन आठवड्यांचं लेखन गेलं, पण गोष्ट हलकी झाली.

२ डिसेंबर

कलाकारांसोबत पहिलं वाचन. वेळेचा नियम समजावणारा चार पानांचा प्रसंग होता : निनाद वाचनालयात बसून जुनी कागदपत्रं चाळतो आणि मित्राला रेखांश, रेल्वे, पालिका सगळं सांगतो. वाचताना दुसऱ्या पानावर सगळ्यांचं लक्ष उडालं. माहिती चुकीची नव्हती, पण प्रेमात पडायला आलेल्या दोन माणसांमध्ये तिसरा माणूस भूगोल शिकवत उभा राहिला होता.

चारही पानं काढली. त्याऐवजी मालतीला एक भाऊ दिला, रेल्वेत कारकून. एका घरात भावाचं मनगटी घड्याळ स्टँडर्ड टाइमवर आणि बहिणीच्या डोक्यावरचं भिंतीवरचं घड्याळ मुंबईच्या वेळेवर. आता तिच्या तोंडी एकच वाक्य आहे : “दादाचे सहा वाजले की माझे सहा वाजायला अजून वेळ असतो.” निनादचे सहा ते मालतीचे सहा, एवढाच वेळ दोघांना. प्रेक्षकाला रेखांश कळला नाही तरी हे कळतं.

एकच नियम ठेवा आणि तो वस्तूंवर दिसू द्या. पात्राला तो शब्दांत समजावून सांगावा लागत असेल तर नियम बदला.

८ डिसेंबर

जागा मिळाली. खोली रिकामी आहे, मालक परगावी. गॅलरीचा लाकडी कठडा आणि खांब मूळचे आहेत. समोरच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, डिश अँटेना आणि एसीची यंत्रं, त्यामुळे १९४९ चा कॅमेरा बाहेर वळवता येणार नाही. १९४९ कायम गॅलरीच्या आतल्या बाजूला पाहील, आजचा काळ बाहेर पाहील. अडचणीतून निघालेली ही विभागणी गोष्टीलाही बसली : तिच्याकडे घर आहे, त्याच्याकडे शहर.

खोलीचं भाडं, वीज आणि मजल्यावरच्या शेजाऱ्यांना रोजचा चहा-नाश्ता मिळून १८ हजार धरले. पाणी सकाळी येतं तेव्हा बादल्या, पंप, हाका, सगळं एकदम सुरू होतं. त्या वेळात आवाज रेकॉर्ड करायचा नाही, सेट लावायचा.

१५ डिसेंबर

घड्याळ. चोर बाजारात लंबकाचं, आठ दिवसांच्या चावीचं, ठोके देणारं घड्याळ ६,५०० ला मिळालं. चालत नव्हतं. गिरगावातल्या एका घड्याळजी काकांकडे दिलं. स्प्रिंग साफ करणं, तेलपाणी, लंबकाची पट्टी बदलणं, १,२०० रुपये आणि नऊ दिवस. शूटिंगच्या वेळापत्रकात हे नऊ दिवस धरलेले नव्हते. जुनं घड्याळ वापरणार असाल तर ते सगळ्यात आधी आणा.

देताना काकांनी बजावलं, “काटे मागे फिरवायचे नाहीत. पुढे नेताना बारावर मिनिटकाटा आला की थांबायचं, ठोके पूर्ण होऊ द्यायचे, मग पुढे.” या घड्याळातले ठोके काट्यांवरून ठरत नाहीत. मागे एक खाचांचं चाक आहे, ते क्रमाने पुढे सरकतं : एक, दोन, तीन. घाईत ठोके गाळले की चाक मागे राहतं आणि काटे सहा दाखवत असताना घड्याळ चार वाजवतं.

आमच्या फिल्ममध्ये प्रत्येक टेकला काटे पुन्हा पाच-एकवीसवर आणायचे होते. चाचणीतच घोळ झाला : मालती सहाच्या ठोक्यांची वाट बघत उभी आणि घड्याळाने नऊ दिले. उपाय काकांनीच सांगितला. चावी पूर्ण उतरू द्यायची. काटे हव्या त्या जागी लावायचे. लंबक हाताने झुलवून सोडला की शॉटपुरता हलत राहतो आणि काटे जागचे सरकत नाहीत. टिकटिक आणि ठोके वेगळे रेकॉर्ड केले, रात्री दोन वाजता, खोलीत घड्याळाभोवती गाद्या उभ्या करून. आवाज फार सुंदर आला आहे. सहाव्या ठोक्यानंतरची लोखंडाची घुमघुम चार-पाच सेकंद टिकते, ती पूर्ण वापरणार आहे.

२२ डिसेंबर

खोली १९४९ ची करायला घेतली. कलादिग्दर्शिकेने मांडणी लावली आणि शेजारच्या आजींना बोलावलं. आजी त्या काळात शाळकरी होत्या, याच चाळीत. त्यांनी दारातूनच पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं पोरी, एवढं स्टील कुठे होतं आमच्याकडे? पितळ होतं. कल्हईवाला खाली येऊन बसायचा.” स्टीलचे डबे, वाट्या, पिंप सगळं निघालं. मग आजींनी स्वतःच्या माळ्यावरून पितळी पातेली, एक घंगाळ आणि ठोक्याचा डबा काढून दिला. हे सामान भाड्याने घेतलं असतं तर चार-पाच हजार गेले असते. त्यांचं नाव श्रेयनामावलीत मोठ्या अक्षरांत असेल.

भिंतीवर कुणीतरी कालनिर्णय टांगलं होतं, कारण मराठी घराच्या भिंतीला ते शोभतंच. पण ते १९७३ पासूनचं. काढलं. जानेवारी १९४९ चं साधं तारखांचं कॅलेंडर छापून घेतलं. वार शोधायला सोपी युक्ती आहे : १९४९ आणि २०२२ या दोन्ही वर्षांचे वार सारखे, दोन्हींची सुरुवात शनिवारी. २०२२ चं कॅलेंडर समोर ठेवून तारखा उतरवायच्या. सण-तिथी मात्र उतरवू नका, त्या जुळत नाहीत.

या कॅलेंडरने एक प्रसंगही बदलला. गांधीजींच्या हत्येला वर्ष झालं त्या दिवशी मालती शाळेतून सुतकताई आटोपून येते, असं लिहिलं होतं. ३० जानेवारी १९४९ ला रविवार होता. प्रसंग शनिवारी, २९ तारखेला नेला आणि ती दुसऱ्या दिवशीची तयारी करून येते असं केलं. कुणाच्या लक्षात आलं नसतं, तरी मला तारीख खरी हवी होती. ज्या फिल्ममध्ये खोटी गोष्ट एकच आहे, तिथे बाकी सगळं खरं असलं पाहिजे, तरच त्या एका गोष्टीवर विश्वास बसतो.

वह्यांवरचं लेखनही जुन्या वळणाचं केलं : ‘नांव’, ‘शाळेंत’, अनुस्वारांसकट. आजचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ नंतरचे.

२९ डिसेंबर

तांब्या. फिल्मचा शेवट यावर आहे, म्हणून यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. निनादच्या खोलीत पहिल्या दृश्यापासून एक काळवंडलेला पितळी तांब्या असतो, खोलीसोबत मिळालेला. त्यात तो पेनं ठेवतो. शेवटी कळतं की त्यावर घातलेलं नाव त्याचं आहे. मालती काळ ओलांडून काही देऊ शकत नाही. ती भांड्यावर नाव घालून ठेवते आणि भांडं पंचाहत्तर वर्षं साध्या वाटेने, हातातून हातात, त्याच्यापर्यंत येतं.

आपल्याकडे भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि साल घालतात. इथे साल घातलं नाही, वेळ घातली : ‘निनाद यांस. मालती. ६ वा. ११ मि.’ साल प्रेक्षकाला ठाऊकच आहे. वेळेचा अर्थ फक्त निनादला कळेल.

पहिल्या दुकानात यंत्राने नाव घालून दिलं. सलग, सारख्या जाडीची रेघ. कॅमेऱ्यात धरलं आणि लगेच आजचं वाटलं. जुन्या भांड्यांवर अक्षरं टिंबाटिंबांची असतात, छिन्नीवर हातोडीचा एकेक ठोका. तांबाकाट्यावर, मुंबईच्या भांडीबाजारात, हाताने नाव घालणारे एक काका भेटले. त्यांनी तांब्या मांडीत धरला, आधी पेन्सिलने ओळ आखली आणि अक्षराला वळण देताना हातोडी न थांबवता भांडंच अंगठ्याने फिरवत राहिले. ‘मा’चा काना त्यांनी सात ठोक्यांत उतरवला, शेवटचं टिंब किंचित खोल. तोच खोलपणा क्लोज-अपमध्ये सावली धरतो. पहिला तांब्या वाया गेला. दुसरा, नाव घालण्यासकट, १,८०० रुपये.

नवा आणि जुना असे दोन तांबे घ्यायचा विचार होता. पण हाताने घातलेली दोन नावं कधीच सारखी येत नाहीत, आणि क्लोज-अप एकापाठोपाठ एक आहेत. म्हणून एकच तांब्या आणि शूटिंगचा क्रम त्याच्याप्रमाणे : १९४९ ची सगळी दृश्यं आधी, चिंच-मिठाने घासलेल्या झगझगीत तांब्यासह. मग त्याला पोचे पाडायचे, काळा करायचा, आणि मग आजची दृश्यं. कलाकारांच्या तारखा यामुळे पुढे-मागे कराव्या लागल्या.

१२ जानेवारी २०२५

दोन काळ एका चौकटीत कसे दाखवायचे याच्या चाचण्या.

पहिली : एक काळ विरघळून दुसरा येतो. मालती अर्धपारदर्शक दिसते आणि भुताची फिल्म वाटते. रद्द.

दुसरी : कॅमेरा पक्का बांधून दोनदा शूट करायचं आणि मधल्या खांबावर दोन्ही अर्धे जोडायचे. जोड स्वच्छ आला. पण दोघं वेगवेगळ्या वेळी, समोर कुणी नसताना बोलत होते. मालतीची भूमिका करणारी मुलगी कठड्यावरच्या चिकटपट्टीकडे बघून हसत होती, आणि ते हसू चिकटपट्टीसाठीच आहे हे दिसत होतं.

तिसरी, जी घेतली : काहीच करामत नाही. खांबाच्या डावीकडे १९४९, उजवीकडे आज. डावीकडे पितळ, लाकडी पट्टीतली वायर, दोरीवर नऊवारी. उजवीकडे मोबाइलचा चार्जर, प्लास्टिकची बादली, शर्ट. दोघं प्रत्यक्ष समोरासमोर. पहिल्याच तालमीत तिने त्याला “तुमच्याकडे अजून ट्राम आहे का हो?” विचारलं आणि तो उत्तर द्यायला अडखळला. १९६४ मध्ये ती बंद झाली हे तिला कसं सांगायचं, हे त्या नटाच्या चेहऱ्यावर खरोखर उमटलं. ते अडखळणं स्क्रिप्टमध्ये नव्हतं, आता आहे.

१४ जानेवारी

प्रकाशाची चाचणी. ठरलं होतं की तिच्या बाजूला पिवळा, साध्या बल्बचा उजेड आणि त्याच्या बाजूला निळसर एलईडी. दिसायला छान, पण अनोळखी माणसांना दाखवल्यावर त्यांनी तिची बाजू ‘आठवणी’ म्हणून वाचली. मालती आठवण नाही. ती त्या क्षणी जिवंत आहे, हे फिल्मचं म्हणणं आहे.

छायाचित्रणकार मित्राने कागदावर वेळा मांडल्या आणि उत्तर सापडलं. तिचे पाच-पन्नास म्हणजे त्याचे सहा-एकोणतीस. घड्याळं वेगळी, पण सूर्य दोघांचा एकाच क्षणी मावळतो. मग उजेड वेगळा कसा असेल? दोन्ही बाजूंना एकच नैसर्गिक संध्याकाळ ठेवली. बल्ब फक्त खोलीच्या आत, दूर.

एलईडीच्या उजेडामुळे चित्रात पट्ट्या-पट्ट्या दिसत असतील तर : सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेवा, २४ ला शूट करत असाल तर शटर १७२.८ अंशांवर. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे एवढ्याने बहुतेक दिवे शांत होतात. एक स्वस्त ट्यूब तरीही लुकलुकत राहिली, ती काढून टाकली.

२५ जानेवारी

१९४९ चं शूट सुरू. या दिवसांत मुंबईत सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, म्हणजे आमची एकोणचाळीस मिनिटं उन्हात सुरू होतात आणि संधिप्रकाशात संपतात. फिल्मला हेच हवं होतं. पण त्याचा अर्थ असा की रोज संध्याकाळी एकच लांब शॉट मिळतो. दुसरा टेक घ्यायला गेलं की उजेड बदललेला असतो.

पहिली संध्याकाळ पूर्ण वाया गेली. रस्त्यावर खोदकामाचं यंत्र सुरू झालं आणि सात वाजेपर्यंत थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपासून गॅलरीत नुसती तालीम केली : चालणं, थांबणं, कपबशी ठेवण्याची जागा. सहाला कॅमेरा लावला आणि एका टेकमध्ये झालं. तेव्हापासून हाच क्रम. संवाद सकाळी शांत वेळी पुन्हा बोलून रेकॉर्ड करून ठेवतो.

घड्याळ-तक्ता भिंतीवर चिकटवला आहे, प्रत्येक शॉटसमोर दोन वेळा : मोबाइल ६.०५, घड्याळ ५.२६. मोबाइल ६.२०, घड्याळ ५.४१. तरी एका शॉटमध्ये भिंतीवरचं घड्याळ पुढे आणि मोबाइल मागे लागला. संध्याकाळी फुटेज बघताना सापडलं आणि दुसऱ्या दिवशी फक्त घड्याळाचा शॉट बदलता आला. फुटेज रोज बघाच.

२ फेब्रुवारी

शेवटाचा प्रसंग. लिहिलेला शेवट असा : मालतीला बघायला नागपूरकडून पाहुणे येणार, ती खोलीत जाते, पुन्हा बाहेर येत नाही. नीटनेटका, पण त्यात वेळेचा काहीच हात नव्हता.

त्या दिवशी चावी दिलेलं घड्याळ तपासायला काका सेटवर आले होते. त्यांनी बोलता बोलता काटे पुढे नेले, मिनिटकाटा बारावरून गेला आणि सहा ठोके पडले. सगळे गप्प झाले. मालतीची भूमिका करणारी मुलगी कठड्याशी उभी होती, ती दचकून मागे वळली.

प्रसंग तिथल्या तिथे बदलला. पाहुण्यांची गाडी स्टँडर्ड टाइमने येणार. दादा म्हणतो, “घरात दोन वेळा नकोत,” आणि स्टुलावर चढून घड्याळ पुढे करतो. पाच-बत्तीसचे सहा-अकरा, तांब्यावर आधीच घातलेली वेळ. काटा बारावरून जाताना सहाचे ठोके पडतात. मालतीचे सहा वाजले. गॅलरीत निनादचं वाक्य अर्धं राहतं, त्याच्या मोबाइलवरही सहा-अकरा. दोन वेळा जुळल्या आणि दोघांमधली जागा संपली.

दादा खलनायक नाही. तो काटा हळू, काळजीने फिरवतो, कारण घड्याळ जुनं आहे आणि बहिणीचं चांगलं व्हावं असं त्याला मनापासून वाटतं. दादाची भूमिका करणाऱ्याला एवढंच सांगितलं. टेक घेताना मला डोळ्यांतलं पाणी आवरेना.

८ फेब्रुवारी

तांब्या काळा केला. घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाला थोडा अमोनिया, वर जाळी, जाळीवर तांब्या, रात्रभर. वाफ लागून पितळ तपकिरी-काळं होतं. हे गच्चीवर करा, नाकातोंडाला मास्क लावा, झाकण उघडताना तोंड लांब ठेवा, डब्यात दुसरं कुठलंही रसायन घालू नका. सकाळी रंग एकसारखा आला, आणि वापरातलं भांडं एकसारखं काळवंडत नाही. काठ आणि पोट हाताने, फडक्याने घासून उजळ केले, मान काळी ठेवली. मग फडक्यात गुंडाळून जमिनीवर दोनदा आपटला. पोचा नावापासून दूर आला. आजची दृश्यं त्यानंतर चार संध्याकाळींत झाली.

९ मार्च

एडिट २१ मिनिटांवर थांबला. सुरुवातीला पाटी होती, बॉम्बे टाइमची माहिती देणारी. पाटीसह आणि पाटीशिवाय अशा दोन प्रती वेगवेगळ्या लोकांना दाखवल्या. पाटी पाहिलेले घड्याळांकडे लक्ष ठेवून बसले, चुका शोधत. पाटी न पाहिलेले दोघांकडे बघत होते आणि मध्यावर आपोआप घड्याळाकडे वळले. पाटी काढली.

संगीत ठोक्यांच्या आसपास अजिबात नाही. संगीतकाराने सहाव्या ठोक्याच्या घुमेवर सारंगीचा एक सूर ठेवला होता. ऐकायला गोड, पण त्यामुळे काय वाटून घ्यायचं ते आधीच सांगितलं जात होतं. त्यांनी स्वतःच तो उचलला.

आजवरचा खर्च १ लाख ३२ हजार. सगळ्यात मोठा वाटा लेन्स आणि आवाजाच्या साहित्याचं भाडं. रोज एकच शॉट मिळत असल्याने भाड्याचे दिवस वाढले. पुन्हा करायची झाली तर कॅमेरा विकत किंवा मित्राकडून घेईन आणि भाड्याने फक्त माइक. कलर करेक्शन आणि इंग्रजी उपशीर्षकं बाकी आहेत, त्यासाठी वीस हजार बाजूला ठेवले आहेत.

घड्याळ आजींच्या खोलीत लावलं आहे, त्यांना हवं होतं. घड्याळ-तक्ता आणि जानेवारी १९४९ चं छापील पान कुणाला हवं असेल तर मागा. तक्त्यात प्रत्येक मिनिटाची जोडी तयार आहे, पुन्हा वजाबाकी करत बसू नका.